थूल डॉक्टरांची सही

डॉक्टरांचं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय, असं सगळीकडे म्हणतात. म्हणोत बापडे. आमच्या पुलगावात बाबाराव थूल डॉक्टरांची चिठ्ठी हातात घेतली की शाळामास्तरांनी पोरांसमोर ठेवून गिरवायला लावावी, असं तिचं अक्षर होतं. मोत्याचे दाणे. मी त्यांच्या दवाखान्याला लागून असलेला औषधांचा दुकानदार, लोक मला भैयाजी म्हणतात. दवाखाना आणि दुकान यांच्यात एक भिंत, भिंतीत एक लहानशी खिडकी. पंचवीस वर्षं मी त्या चिठ्ठ्या वाचल्या आणि एकही फेकली नाही, सगळ्या एका ट्रंकेत ठेवल्या. औषधाची नावं, किती घ्यायचं, कधी घ्यायचं, सगळं इंग्रजीत. म्हणजे पेशंटला नुसता देखणेपणा दिसायचा, अर्थ मला कळायचा. याचा मला थोडा माजही होता, खोटं कशाला बोलू?

डॉक्टरांची एक रीत होती. दवाखान्यात पाऊल ठेवणाऱ्याने आपलं नाव रजिस्टरात आपल्या हाताने लिहायचं. अंगठा चालणार नाही. ज्याला लिहिता येत नसेल त्याचा हात डॉक्टर स्वतःच्या हातात धरायचे आणि दोघं मिळून नाव लिहायचे. मग त्याला ताप असो, हगवण असो, बाहेर वीस माणसं खोळंबलेली असोत.

मी एकदा वैतागून खिडकीतून म्हणालो, "साहेब, हा दवाखाना आहे का शाळा?"

"अंगठ्याचं दुखणं जुनं आहे, भैयाजी," ते मान वर न करता म्हणाले. "त्याले टाइम लागते."

यामागची गोष्ट मला ठाऊक होती. त्यांचे वडील इथल्याच कापडमिलमध्ये कामगार. पगाराच्या दिवशी मिलच्या रजिस्टरावर अंगठा लावायचे आणि घरी येईपर्यंत तो धोतराला पुसत राहायचे, पण शाई काही जायची नाही. पोराला त्यांनी घरच्या शेणाने सारवलेल्या जमिनीवर कोळशाने अक्षरं गिरवायला बसवलं. "माह्या अंगठ्याची शाई तुह्या पेनात येऊ दे," असं म्हणायचे म्हणे. थुलांच्या घरातली पहिली सही बाबारावांची. हे सांगताना डॉक्टरांचा आवाज बदलायचा. अन् लगेच म्हणायचे, "ज्या दिवशी मले चिठ्ठी लिवता येनार नाई, त्या दिवशी दवाखान्याले कुलूप."

ते थट्टेत म्हणत. आम्हीही हसत असू.

फुटाणेवाल्या अनुसयाबाईंना नाव लिहायला चार महिने लागले होते. साल एक्क्याण्णव. बाजाराच्या तोंडाशी त्यांची भट्टी, दिवसभर तापलेल्या वाळूत चणे परतून हात राठ झालेले. पेन धरायच्या ते झाऱ्यासारखं. दर वेळी डॉक्टर त्यांचा हात धरून 'अ' काढायचे, आणि दर वेळी त्या म्हणायच्या, "जाऊ द्या साहेब, माह्या बोटाईत हाडं नाईत, लाकडं हायेत." शेवटी एकदा 'अनुसया' एकटीने लिहिलं, आणि त्याच दिवशी रेशनच्या दुकानात जाऊन शाईचा डबा बाजूला सारला. अख्ख्या बाजाराला हे त्यांनी स्वतः सांगितलं. पुढे त्या दुकानांच्या पाट्याही एकेक अक्षर जुळवून वाचायला लागल्या, आणि माझ्या पाटीतला एक काना पडलाय हे मला त्यांनीच दाखवलं.

तर अशा माणसाचा हात थरथरायला लागला.

दोन हजार तीन साल असावं. आधी वाटलं, घाई असेल. मग ओळी उतरणीला लागल्या. मग अक्षरं एकमेकांत शिरली. हात टेबलावर टेकलेला असला की शांत असायचा, पेन उचललं की थरथर. नागपूरच्या मोठ्या डॉक्टरांनी वयाचं आहे म्हणून सांगितलं, गोळ्या दिल्या, फारसा फरक पडला नाही. बाकी डॉक्टर तसेच होते. नाडी तीच, निदान तेच, तोंडही तेवढंच फाटकं.

मी काहीच बोललो नाही. चिठ्ठी आली की पेशंटकडे बघायचो, काय दुखतंय विचारायचो, मागच्या वेळी काय दिलं ते आठवायचो आणि औषध काढून द्यायचो. डॉक्टरांची पद्धत मला पाठ होती. खिडकीतून एकदा "साहेब, हे काय लिहिलंय?" असं विचारलं असतं तर काम झालं असतं. पण विचारणं म्हणजे सांगणं. 'तुमचं अक्षर गेलं' हे मी त्या माणसाला सांगणार नव्हतो. शिवाय पुलगावात दुसऱ्या कुठल्याच दुकानात ती चिठ्ठी वाचता येत नव्हती, फक्त भैयाजीला येते, असं लोक म्हणायचे आणि मी मिशीत हसायचो. प्रेम आणि बढाई यांची भेसळ झाली की ओळखू येत नाही.

दोन हजार पाचच्या उन्हाळ्यात डॉक्टरांची मुलगी पौर्णिमा आली. ती नागपूरला एका मोठ्या रुग्णालयात कॉम्प्युटरच्या कामाला होती, आता नवऱ्याची बदली झाल्यामुळे वर्ध्याला पिपरी मेघेत राहायला आलेली. रोज सकाळच्या पॅसेंजरने पुलगावला यायची. एक दिवस येताना टेम्पोतून खोकी घेऊन आली. कॉम्प्युटर, प्रिंटर, आणि भारनियमनासाठी खाली जड बॅटरीचा डबा.

"बाबा, तिकडं आता सगळे डॉक्टर असंच करतात," तिने सांगितलं. "औषधाचं नाव निवडायचं, किती अन् कधी ते निवडायचं, छापलेली चिठ्ठी बाहेर येते. मागच्या वेळी काय दिलं होतं तेही दिसते. अन् मी यात मराठी टाकलं आहे."

डॉक्टरांनी आतून टेबलावरची चादर आणली आणि मशीनवर नीट पांघरली.

"माहं अक्षर अजून मेलं नाई," ते म्हणाले.

पौर्णिमाने माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, "बरोबर आहे साहेबांचं. मशीनच्या हाताले गुण असते का?" डॉक्टर खूश झाले. मीही खूश. छापील चिठ्ठी कोणीही वाचली असती, मग माझी मिशी काय कामाची?

त्यानंतर पंधरा दिवसांनी अनुसयाबाई चक्कर येऊन भट्टीपाशी पडल्या.

त्यांना साखरेचा आजार होता. सकाळी एक गोळी, दोन वर्षांपासून. गेल्या खेपेला त्यांनी डॉक्टरांना सांगितलं होतं की सकाळी डोळ्यांपुढे अंधारी येते, घाम फुटतो. डॉक्टरांनी ओळखलं की गोळी जास्त होतेय, आणि अर्धी करायची ठरवली. चिठ्ठी खिडकीवर आली. वरच्या ओळीत त्या गोळीच्या नावासारखं काहीतरी होतं, पुढे एक थरथरता फराटा. मी अनुसयाबाईंकडे पाहिलं, नेहमीची गोळी काढली, पाकिटावर एक अख्खा सूर्य काढला आणि म्हणालो, "सकाळी एक. नेहमीसारखी." डॉक्टरांनी अर्धीचं सांगितलं होतं, हे अनुसयाबाईंच्या ओठांवर आलंही होतं. पण भैयाजी चिठ्ठी वाचून सांगतो तेच खरं, असं त्यांना वाटलं.

नशीब की भट्टी विझत आली होती आणि त्या मागच्या बाजूला पडल्या. शेजारच्या गुळवाल्याने तोंडात गूळ घातला. डॉक्टर धावत गेले, मीही गेलो. सलाईन लागलं, अर्ध्या तासात त्या उठून बसल्या आणि पहिलं काय विचारलं तर, "चणे जळले का?"

डॉक्टरांनी गोळ्यांचं पाकीट उचललं. सूर्य पाहिला. मग माझ्याकडे वळले.

"भैयाजी, मी अर्धी लिवली होती."

गर्दी जमली होती. त्यांच्या आवाजात एक बारीक चीर होती, ती फक्त मला ऐकू आली. मी म्हणालो, "हो साहेब. अर्धीच होती. मीच बावळटासारखं पाह्यलं नाई."

"पंचवीस वर्षं झाली तुले!" ते कडाडले. "वाचता येत नसन तर दुकान बंद कर! मानसं मारतं का?"

मी खाली मान घातली. घरी आलो तेव्हा मला आपण मोठा त्याग केल्यासारखं वाटत होतं. जेवण मात्र गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी पौर्णिमा दुकानात आली आणि फळीला टेकून उभी राहिली.

"काका, ती चिठ्ठी दाखवा."

"फेकली."

"तुम्ही बाबांची चिठ्ठी फेकता? मी लहान होतो तेव्हापासून तुमची ट्रंक पाहून राह्यलो."

मी काउंटर पुसायला लागलो. ती रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं.

"उद्या तुम्ही आजारी पडले अन् इथं दुसरं कोनी बसलं तर काय होईन, हे मी विचारनार होतो," ती म्हणाली. "पन काका, तुम्ही बसून असतानाच झालं ना हे."

ती जायला निघाली आणि दारात थांबली. "मी सांगितलं तर त्याईले वाटन, पोरीले आपलं मशीन खपवायचं आहे. तुम्हीच सांगू शकता."

डॉक्टरांचं ते कुलूपवालं वाक्य इतकी वर्षं आम्ही हसण्यावारी नेलं होतं. ते थट्टेतलं नाही, हे मला माहीत होतं. चिठ्ठी दाखवायची म्हणजे माझ्या हाताने त्यांच्या दाराला कुलूप लावायचं. न दाखवायची, तर पुढच्या वेळी भट्टी पेटलेली असेल.

चार वाजता पेशंट संपले. मी ट्रंकेतून ती चिठ्ठी काढली आणि त्यांच्या टेबलावर ठेवली.

"साहेब, एवढं वाचून द्या."

ते अजून घुश्शात होते. चष्मा लावला, चिठ्ठी उचलली, खिडकीपाशी उजेडात नेली. चष्मा काढून पुसला, परत लावला. पंखा फिरत होता. मला वाटलं, आपण पळून जावं.

"हे कोन्या पेशंटचं आहे?" त्यांनी विचारलं.

"अनुसयाबाईचं."

ते पुन्हा बघायला लागले. बोटाने एकेक ओळ चाचपत गेले. शेवटी हळू आवाजात म्हणाले, "अर्धी कुठं आहे याच्यात?"

"मले नाई माहीत, साहेब."

दोन वर्षांत पहिल्यांदा मी ते म्हणालो. डॉक्टर खुर्चीत बसले.

"किती दिवसापासून?"

"दोन वर्षं झाली असन."

"अन् तू दोन वर्षं वाचून राह्यला होता?"

"वाचत नव्हतो. अंदाजानं देत होतो. तुमचा स्वभाव माहीत आहे ना."

ते म्हणाले, "काल मी तुले सगळ्याईसमोर बोललो." आणि माझ्याकडे न बघता पेनाचं टोपण लावायला लागले. ते दोनदा घसरलं, तिसऱ्यांदा बसलं. मी मदत केली नाही. ते मला आजही बरोबर वाटतं.

दुसऱ्या दिवशी दवाखान्याला खरंच कुलूप लागलं.

तीन दिवस. पेशंट येत, कुलूप बघत, मला विचारत. मी म्हणायचो, साहेबांना बरं नाही. पौर्णिमा रोज यायची, घरच्या दाराने आत जायची, मशीनवरची चादर काढून बसायची. बापलेकीत काय बोलणं झालं ते मला ठाऊक नाही. एवढं ऐकू आलं की प्रिंटर मधूनमधून करकर करायचा आणि मग शांत व्हायचा.

चौथ्या दिवशी अनुसयाबाई तपासून घ्यायला आल्या. मी त्यांना आदल्याच दिवशी सगळं सांगितलं होतं, अगदी मिशीसकट.

"गोळी चुकीची तू देल्ली," त्या माझ्या दुकानासमोर उभ्या राहून म्हणाल्या, "मंग डागदर काऊन रुसला?"

मी म्हटलं, "रुसले नाहीत बाई. त्यांचा हात चालत नाही."

त्या सरळ दवाखान्याच्या पायरीवर बसल्या आणि कुलपावर थापा मारायला लागल्या. "साहेब! मी मराची वाचलो, तुमी आत लपून बसले! मले तपासा नाईतर मी इथंच बसतो!" दहा मिनिटांत बाजारातली आठ-दहा माणसं जमली. पाच मिनिटांनी पौर्णिमाने घरच्या दाराने बाहेर येऊन कुलूप काढलं.

डॉक्टर खुर्चीत बसले होते, पांढरा शर्ट, इस्त्री केलेला. मी खिडकीत डोकं घातलं. त्यांनी अनुसयाबाईंचं मनगट धरलं. नाडीवर टेकलेला त्यांचा हात अगदी शांत होता. जीभ पाहिली, पाय दाबून पाहिले, साखर तपासली. मग पौर्णिमाकडे न बघता औषधाचं नाव घेतलं आणि म्हणाले, "सकाळी अर्धी. खाल्ल्यावर."

पौर्णिमाने बटणं दाबली. प्रिंटर करकरला आणि कागद बाहेर आला. तिने तो अनुसयाबाईंच्या हातात दिला.

अनुसयाबाईंनी कागद डोळ्यांपासून लांब धरला. ओठ हलायला लागले. "स... का... ळी. सकाळी." मग थांबल्या, बोट पुढे सरकवलं. "अ... र्... अर्धी. अर्धी गोळी!" त्यांनी कागद डॉक्टरांसमोर नाचवला. "साहेब, चौदा वर्सापासून तुमची चिठ्ठी मी घेऊन राह्यलो, आज पयल्यांदा मले वाचता आली!"

डॉक्टरांनी तो कागद मागून घेतला, आणि मशीन आल्यापासून पहिल्यांदा नीट वाचला. वरपासून खालपर्यंत. मला वाटतं, आपल्या मोत्याच्या दाण्यांचा या बाईला कधीच उपयोग झाला नव्हता, हे त्यांना त्या वेळी कळलं. मला तरी कळलं.

"बाबा, खाली तुमची सही लागन," पौर्णिमा म्हणाली. "त्याबिगर चिठ्ठी चालत नाई." आणि जरा घाबरतच तिने पिशवीतून एक रबरी शिक्का आणि शाईची डबी काढली. "हे बनवून आनलं. नुसतं दाबायचं."

डॉक्टरांनी शिक्का पाहिला. शाईची डबी पाहिली.

"नाई," ते म्हणाले. "माह्या बापानं जन्मभर हेच केलं."

पौर्णिमाचा चेहरा पडला. तिने ती डबी पटकन पिशवीत टाकली. बिचारीच्या लक्षातच आलं नव्हतं. डॉक्टरांनी पेन घेतलं, कागदावर नेलं, आणि हात असा काही थरथरायला लागला की निब कागदाला लागलं तिथे नुसता ठिपक्यांचा सडा. त्यांनी पेन ठेवून दिलं. बाहेरची माणसं दारातून बघत होती. डॉक्टर उठायला लागले, आणि मला कळलं की ते आता कुलूप शोधणार.

"बसा," अनुसयाबाई म्हणाल्या.

त्या टेबलाला वळसा घालून पलीकडे गेल्या. त्यांनी पेन उचललं, डॉक्टरांच्या बोटांत दिलं, आणि त्यांच्या हातावर आपला राठ, भाजलेला हात ठेवला.

"बाई, काय करता..."

"चार महिने धरला होता तुमी माहा हात. तवा मले लाज वाटली नाई, तर तुमाले काऊन वाटते? चालवा तुमी. मी नुसतं धरतो."

डॉक्टरांनी डोळे मिटले आणि उघडले. मग पेन चाललं. चालवत ते होते, धरून त्या होत्या. 'बा' झालं, 'बा' झालं, मग 'रा'. बाहेर आता वीस माणसं खोळंबली होती आणि कोणीही घाई केली नाही. 'थू'चा उकार काढताना दोघांचे हात एकदम खाली वळले. बाबाराव थूल. ओळ सरळ होती. मी ट्रंकभर चिठ्ठ्यांचा मालक, मला ते अक्षर ओळखता येतं. ते दोन वर्षांपूर्वीचं होतं.

मला रडू आलं. मी लपवलं नाही, खिडकीत लपवायला जागाच नव्हती.

"अस्सं," अनुसयाबाई म्हणाल्या आणि चिठ्ठी घेऊन निघाल्या.

"बाई," डॉक्टरांनी हाक मारली आणि रजिस्टर पुढे सरकवलं. "आज तुमचं नाव राह्यलं."

त्यांनी वाकून 'अनुसया' लिहिलं. मग चिठ्ठी खिडकीवर ठेवली. कागद आरशासारखा स्वच्छ होता, आंधळ्यालाही वाचता आला असता. तरीसुद्धा मी डोकं आत घालून, सगळ्यांना ऐकू जाईल असं मोठ्याने विचारलं, "साहेब, अर्धी ना?"

"अर्धी!" आतून तिघंही एकदम ओरडले.